मध्यंतरापर्यंतचे जाणकार

कल्याणरामांनी यंदा कुंभकोणमला लागलेला एकही सिनेमा चुकवला नव्हता आणि एकही पुरता पाहिला नव्हता. शनिवारी संध्याकाळी मरुदानल्लूरच्या मठातल्या भजनात टाळ त्यांच्याकडे असत, म्हणून दुपारच्या खेळातून ते मध्यंतराला उठत. शेजारचे अप्पाजी पितळी भांड्यांच्या दुकानातून नेमके तेव्हाच मोकळे होत. मग थिएटरच्या फाटकाशी तिकिटाचा अर्धा तुकडा या हातातून त्या हातात जाई आणि उरलेला सिनेमा अप्पाजी बघत.

रविवारी सकाळी फिल्टर कॉफीवर दोन्ही अर्धे जोडले जात.

"डॉक्टर मदुरैला. म्हातारीचा डोळा कापणार, तितक्यात इंटरवल," कल्याणराम सांगत.

"मग तो रामेश्वरला होडी वल्हवतोय."

"डॉक्टरकी सोडली?"

"सोडलीच असणार. मिशीपण ठेवलीय."

"आणि म्हातारी?"

"दिसली नाही बा. गेली असेल."

"डोळा कापताना?"

"म्हणून तर सोडली की त्याने."

दोघांनाही हे पटे. आजकालचे दिग्दर्शक प्रेक्षकांच्या अकलेवर बरंच सोपवतात, असं कल्याणरामांचं मत होत चाललं होतं.

डिसेंबरात तिथल्या मराठी समाजाच्या मेळाव्यात 'यंदाचे सिनेमे' या विषयावर त्यांचं भाषण ठरलं. भाषणानंतर ते निवडतील तो सिनेमा सभागृहात दाखवायचा होता. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोचा, अंबुजाबाईंचा भाऊ शशांक बोलला होता आणि निम्मा समाज घोरला होता. अंबुजाबाईंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "ह्या खेपेला तरी माझी मान खाली जाऊ देऊ नका."

भाषण रंगलं. हातून म्हातारी गेल्यावर नावाडी झालेला डॉक्टर, ते वादळ, ती एकाकी होडी. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग सिनेमा लागला. मध्यंतराला कल्याणराम सवयीने उठले, तर अंबुजाबाईंनी वेष्टीचा सोगा धरून खाली बसवलं. अप्पाजी सवयीने तेव्हाच आले.

पडद्यावर म्हातारीचा डोळा ठणठणीत बरा झाला. तिने पट्टी काढताच डॉक्टरला पाहिलं आणि जावई करून टाकलं. समुद्राचा पत्ता नव्हता.

"होडी कधी येणार, भावजी?" शशांकने मागे वळून विचारलं.

कल्याणरामांनी अप्पाजींकडे पाहिलं. अप्पाजी पडद्याकडे बघत होते. "हा कोठला पडम लावलाय? मी पाहिलाच नाही."

"तुम्ही कोठल्या दाराने आत जायचात?"

"कॉफीच्या टपरीकडच्या. डाव्या."

"मी उजव्या."

त्या थिएटरात दोन पडदे आहेत, हे दोघांनाही माहीत होतं. फक्त एकाच वेळी आठवलं नव्हतं.

आता अब्रू जाणार, म्हणून कल्याणरामांनी डोळे मिटले. समाजाच्या सेक्रेटरी वसंताबाई उठल्या.

"वादळ कोणी कापलं हो?"

"म्हातारी मेलीच नाही. मग डॉक्टर रडायचा कशाला?" मागून कोणी म्हणालं.

"हे काही खरं नाही. बंद करा ते. उरलेलं कल्याणरामांनाच सांगू द्या," वसंताबाईंनी फर्मावलं.

कल्याणराम घाम पुसत व्यासपीठावर चढले. अप्पाजी खालून वादळ पुरवत होते. शशांकसुद्धा शेवटपर्यंत जागा राहिला.

घरी जाताना अंबुजाबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दोघं दोन तिकिटं काढा आणि एकाच दाराने आत जा."

कल्याणराम चालता चालता थांबले.

"ते कसं जमेल? वसंताबाईंनी पुढच्या वर्षीचं भाषणही मलाच दिलंय."