बदलापूरच्या मंडळीस पत्र

आमच्या शेजारच्या स्तेफन भालेराव काकांचा पोस्टावर विश्वास नाही आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. पत्र माणसाने हातात घेऊन जायचं आणि ज्याला लिहिलंय त्याच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं, असा त्यांचा नियम आहे. कारण पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये तसंच चालायचं. मी बदलापूरच्या एका शाळेत क्लार्क, त्यामुळे गेली दोन वर्षं तो पत्र नेणारा माणूस म्हणजे मी.

काका एमआयडीसीत लेथ मशीनवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुक्काम पहिल्या शतकात हलवला. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्यावरून भांडण पेटलं, की ते शांतपणे म्हणतात, "यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही विधवांच्या जेवणावरून झालं होतं. माणूस तोच आहे, टाकी तेवढी नवीन." दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये उपासना होते, कारण सुरुवातीच्या मंडळ्याही घरातच भरायच्या. पूर्वी वीस-बावीस माणसं यायची. हल्ली काकांना धरून चार.

"त्या काळी श्रद्धेपायी लोक सिंहासमोर उभे राहिले, मिलिंद, पण हटले नाहीत. आणि आमच्या लोकांना रिक्षा मिळत नाही." मग जरा थांबून म्हणतात, "सुरुवात बारा जणांपासून झाली होती. आम्ही आठच कमी आहोत."

आमचं घर बौद्ध. मला यातलं काही कळत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "पत्र नेणाऱ्याला कळावं लागत नाही," काका म्हणाले. "प्रेषित पौलाची पत्रं तुखिक न्यायचा. तू माझा तुखिक." तेव्हापासून माझी बायकोही मला त्याच नावाने भाजी आणायला पिटाळते.

पत्रं जायची बदलापूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, योहानला. तो उल्हासनगरच्या एका मोठ्या चर्चमध्ये जायला लागला. तिथे ड्रम वाजतात आणि गाण्याचे शब्द पडद्यावर येतात. त्यावरून बापलेकांचं बोलणं तुटलं. पत्राचा मायना मात्र "बदलापूर येथील मंडळीस" असा. ही मंडळी म्हणजे योहान, त्याची बायको आणि पहिलीतली मुलगी. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाच-पाच पानं वाचायचो. ड्रमवर एक पान, उपासनेला उशिरा येणाऱ्यांवर दोन. योहान कांदा चिरत ऐकायचा. दिवसभर शाळेत डोकं शिणवून वर हे करायचं म्हणजे जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

मागच्या गुरुवारी मला खरोखरच वीट आला. पानांचे फोटो काढले, योहानला पाठवून दिले आणि सरळ घर गाठलं. काका जिन्यातच उभे होते.

"वाचलंस?"

"वाचलं."

"बारीक झालाय का?"

"कोण?"

"योहान. मागच्या वेळी खोकत होता म्हणालास. आज खोकला? उभा होता की बसून ऐकलं? पोरीचा दात पडला का?"

हे ते दरवेळी विचारायचे आणि मी चपला काढता काढता काहीबाही सांगून मोकळा व्हायचो. आज सांगायला काहीच नव्हतं. आणखी खोटं जिभेवर येईना. मी फोटोंचं कबूल करून टाकलं.

काका रागावले नाहीत. कठड्याला धरून सावकाश पायरीवर बसले.

"पत्रात काय असतं रे, तेच ते जुनं. त्याने ते नाही ऐकलं तरी चालेल. मला त्याला बघून आलेला माणूस लागतो."

मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर योहानकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पत्र नाही? पप्पा बरे आहेत ना, मिलिंददादा?"

"बरे आहेत. आज नुसतं तुला बघायला आलोय. त्यांना जाऊन सांगायचं असतं."

त्याने शर्ट ओढून सारखा केला, केसांवरून हात फिरवला, आणि मला नीट दिसावं म्हणून दारातला दिवा लावून समोर उभा राहिला.