गर्जे गुरुजींचा बिनबदलीचा निरोप

यंदाचा निरोप समारंभ असा करायचा, की कोल्हारपासून राहात्यापर्यंत लोकांनी नाव काढलं पाहिजे, असं गर्जे गुरुजींनी मार्चमध्येच जाहीर करून टाकलं. ऐकायला समोर फक्त ज्योती मॅडम होत्या. पण गुरुजींची जाहीर करण्याची पद्धत अशी, की समोर एक माणूस असला तरी सभा भरल्यासारखं वाटायचं.

हरणवाडीची शाळा कोल्हारपासून चार किलोमीटर आत, पाटाच्या कडेला. दोन खोल्या, एकतीस पोरं आणि दोन शिक्षक. त्यांतले मुख्याध्यापक म्हणजे रंगनाथ गर्जे. मूळचे पाथर्डीकडचे, पण अकरा वर्षांपासून इथंच. गावातल्याच राधाकृष्ण तात्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत, आणि हे तात्याच शाळा समितीचे अध्यक्ष. शाळा चौथीपर्यंत. पाचवीला पोरं कोल्हारच्या हायस्कुलात जायची, म्हणून दर एप्रिलला चौथीला निरोप दिला जाई. निरोप म्हणजे एक केळं, एक पेन आणि गुरुजींचं पाऊण तासाचं भाषण. केळं पोरं भाषणाआधीच खाऊन टाकत.

यंदा चौथीत सात पोरं होती. सातही हुशार. गुरुजींनी ठरवलं की या वेळी मांडव घालायचा, स्पीकर लावायचा, आणि मुख्य म्हणजे फ्लेक्स करायचा. ज्योती मॅडमनी सातही पोरांचे फोटो काढून कोल्हारला कल्याण फ्लेक्सवाल्याकडे पाठवले. गुरुजींनी त्यात आपला एक फोटो जोडला. मुख्याध्यापक म्हणून कोपऱ्यात असावा एवढाच त्यांचा हेतू होता, असं ते पुढं पुष्कळ दिवस सांगत. पण तो फोटो पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला होता, आणि सोबत 'जरा ठळक घे' असा निरोपही होता.

कल्याणनं ठळक घेतला. फ्लेक्स आला तेव्हा मधोमध गुरुजी, देवळाच्या कळसाएवढे. खाली एका ओळीत सात पोरं, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मजकूर गुरुजींनी फोनवर सांगितला होता, 'इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांचा भावपूर्ण निरोप समारंभ.' पण फेट्यालाच एवढी जागा गेली, की कल्याणनं वर 'भावपूर्ण निरोप समारंभ' लिहिलं, गुरुजींच्या छातीखाली 'श्री. रंगनाथ गर्जे सर' लिहिलं आणि पोरांखाली बारीक अक्षरात 'इयत्ता चौथीचे विद्यार्थी' असं टाकून काम उरकलं.

ज्योती मॅडमनी तो फ्लेक्स उभा धरून नीट वाचला. "सर, हा तुमचाच निरोप असल्यासारखा वाटतोय."

गुरुजी दोन पावलं मागं सरून फ्लेक्सकडं बघत राहिले. फोटो खरोखर चांगला आला होता. ते म्हणाले, वाचणाऱ्याला कळतं.

समारंभ शनिवारचा. गुरुवारी सकाळी फ्लेक्स दूध डेअरीसमोर लागला. हरणवाडीत डेअरीसमोर लागलेलं काहीही सकाळच्या धारेला अख्खं गाव वाचतं. दुपारी गुरुजींना राधाकृष्ण तात्यांचा फोन आला. आवाज जड होता.

"गुरुजी, आमाला आधी सांगायचं हुतं. फ्लेक्सवरून कळावं का?"

गुरुजींना वाटलं, अध्यक्षांना निमंत्रण द्यायचं राहून गेलं म्हणून तात्या रुसले. त्यांनी समजूत घातली. म्हणाले, "अहो तात्या, त्यात सांगायचं काय? दरवर्षीचंच आहे. वेळ झाली की जावं लागतंच. पाखरं काय कायमची एका झाडावर बसतात का?"

पलीकडं तात्यांनी नाक शिंकरलं. मग तात्या म्हणाले, "तुमी लई मोठ्या मनाचे हात." आणि फोन ठेवला. आपलं पाखरांचं वाक्य तात्यांना एवढं लागलं, याचा गुरुजींना आनंद झाला.

खरं काय ते साळूबाईंमुळं कळलं. साळूबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. गुरुजींचं आणि त्यांचं सहा वर्षांचं वैर होतं. एकदा गुरुजींनी आहाराच्या चव-नोंदवहीत 'वरण पातळ' असं लिहिलं होतं, तेव्हापासून त्या गुरुजींशी थेट बोलत नसत. काही सांगायचं असलं तर कढईकडं बघून सांगत. त्या साळूबाई दुपारी चारला ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, की माझ्या तोंडातून कमीजास्त गेलं असलं तर मनात ठेवून जाऊ नका. तुमच्यासारखा मास्तर या गावाला पुन्हा मिळायचा नाही. शनिवारी तुमच्यासाठी मी पुरणपोळी करणार आहे, खिचडी नाही.

गुरुजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेव्हाच सांगायला हवं होतं. 'साळूबाई, मी कुठं जात नाही,' एवढंच वाक्य. पण अकरा वर्षांत या गावात आपल्याबद्दल बरं बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, तेही साळूबाईंच्या तोंडून. भुकेल्या माणसानं पहिला घास तोंडात असताना 'ताट माझं नाही' असं कसं म्हणावं? त्यांनी ठरवलं, उद्या सांगू.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या पायरीवर नळाची तोटी ठेवलेली होती. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या टाकीवरून गेलेली तीच ती. सोबत चिठ्ठी नव्हती, पण तोटी घासून लख्ख केलेली होती. नऊ वाजता पीरमहंमद चाचा आले. गावात टेम्पो त्यांचा एकट्याचा. चार ईदमागं घराला चुना लावायला नेलेली शाळेची लोखंडी शिडी त्यांनी टेम्पोतून उतरवली आणि म्हणाले, की माणूस जाताना त्याची वस्तू आपल्या घरात राहू नये. दहा वाजता महाराष्ट्राचा नकाशा आला. तो डेअरीच्या फुटक्या खिडकीला लावलेला होता आणि मराठवाडा उन्हानं पार उडून गेला होता. दुपारी कुणाच्या तरी गोठ्यातून एक बेंच आला. त्याला शेणाचा वास होता, पण पाय चारही शाबूत होते.

"सर, आता सांगून टाका," ज्योती मॅडम म्हणाल्या.

"अजून दोन बेंच यायचेत," गुरुजी म्हणाले. "ते येऊ द्या."

एवढ्यावरच थांबलं असतं तर हरकत नव्हती. पण गुरुजींच्या मनात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. मागच्या साली पलीकडच्या एका गावात एका शिक्षकाची बदली झाली, तर लोकांनी शाळेला टाळं ठोकलं आणि बायकांनी दारातून हलू दिलं नाही. त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले होते. आपल्यालाही कुणीतरी अडवेल, असं गुरुजींना वाटायला लागलं. समारंभात तात्या उठतील, 'आम्ही जाऊ देणार नाही' म्हणतील, बाया गलका करतील. मग आपण हात वर करून म्हणू, 'बरं, तुमचा एवढा आग्रह आहे तर राहतो.' कुणाची फजिती होणार नाही आणि मान दुप्पट होईल. त्यांनी मनातल्या मनात तो हात दोनदा वर करूनही पाहिला.

शनिवारी मांडव भरला. बाया, बाप्ये, डेअरीतली मंडळी, सगळं गाव. पुढं जमिनीवर चौथीची सात पोरं नवे कपडे घालून बसली होती. त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. ऊन त्यांच्या बाजूनं आत येत होतं, म्हणून ती हळूहळू सरकत सरकत सावलीला निघाली होती.

गुरुजींना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मग एकेक जण बोलायला उठला. गुरुजींनी गावाला शिस्त लावली, गुरुजींनी पोरांना पाढे शिकवले, गुरुजी कधी सुट्टी घेत नाहीत. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी कान टवकारत होते. 'जाऊ नका' हे दोन शब्द कुणाच्याच भाषणात येईनात.

शेवटी तात्या उठले. गुरुजी खुर्चीत पुढं सरकले.

"जानाऱ्याला अडवू ने," तात्या म्हणाले. "मोठ्या लोकांनी सांगून ठिवलंय. आमी गुरुजींना अडवनार न्हाई. उलट मदत करनार." गावातर्फे त्यांनी चाकांची मोठी बॅग भेट दिली. मग सांगितलं, की पीरमहंमद चाचांनी उद्याचं कांद्याचं भाडं सोडून टेम्पो मोकळा ठेवलाय, गुरुजींचं सामान पाथर्डीपर्यंत फुकट पोचवलं जाईल. आणि गुरुजींना त्रास नको म्हणून, ते शाळेकडं निघताच गावच्या तरण्या पोरांनी आज सकाळीच खोलीतली कॉट आणि भांडी ओट्यावर काढून ठेवली आहेत. खोलीत परवा काढलेला कांदा भरायला सुरुवातही केली आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींचा चेहरा फेट्याखाली केवढासा झाला. बदली नाही, आणि आता खोलीही नाही.

ज्योती मॅडमनी घाईनं आलियाचं नाव पुकारलं. आलिया पीरमहंमद चाचांची नात, चौथीतली. पोरांच्या वतीनं तिचं भाषण ठरलेलं होतं. ती कागद घेऊन माईकपाशी आली, कागदाकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं, आणि पुन्हा कागदाकडं.

"सर," ती माईकवरच म्हणाली, "माझ्या भाषणात आम्ही जाणार आणि तुम्ही राहणार, असं लिहिलंय. तुम्हीच तपासून दिलंय. आता तुम्ही पण जाणार असला तर मला मधलं सगळं बदलावं लागेल. तुम्ही खरंच जाणार का?"

मांडवात सगळे कौतुकानं हसले. एक गुरुजी सोडून. दहा वर्षांच्या पोरीनं सरळ विचारलं होतं, आणि वर्गात खोटं बोलल्यावर ओणवं उभं करायची पद्धत गुरुजींनीच घातलेली होती. ते उठले. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

"मी कुठंही जात नाही," ते म्हणाले. "माझी बदली झालेली नाही. निरोप या सात मुलांचा आहे. फ्लेक्सवर माझा फोटो मोठा झाला. मला गुरुवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

स्पीकर बारीक शिटी घालत होता.  गुरुजींना वाटलं आता कुणीतरी रागावेल. रागावलं असतं तर बरं झालं असतं. लोक नुसते एकमेकांकडं बघत होते. डेअरीवाल्याची नजर नकाशाकडं गेली.

"मंग कांदा कुठं ठिवायचा?" तात्या म्हणाले.

 गुरुजी स्टेजवरून खाली उतरले आणि खाली खुर्ची नव्हती म्हणून पोरांच्या ओळीत सतरंजीवर जाऊन बसले, फेट्यासकट. आलियानं कागद उघडला आणि भाषण वाचलं. तिनं लिहिलं होतं, की शाळेच्या टाकीचं पाणी गार असतं, हायस्कुलातलं कसं असेल माहीत नाही. की साळूबाई खाली लागलेली खिचडी मागणाऱ्याला देतात. की एकदा पाटाचं पाणी शाळेत शिरलं तेव्हा सरांनी दोघा-दोघांना खांद्यावर बसवून बाहेर काढलं होतं, आणि त्या दिवशी सर खूप घाबरले होते, पण पाढे म्हणत होते. मागच्या भाषणांत हे कुणालाच आठवलं नव्हतं. लोक शेवटपर्यंत ऐकत राहिले. साळूबाईंनी डोळे पुसले आणि शेजारणीला सांगितलं, की चुलीचा धूर इथवर येतोय.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, जेवून घ्या. पोळ्या आता केल्याच हात."

पुरणपोळ्या सातही पोरांनी पोटभर खाल्ल्या. गुरुजींच्या ताटात साळूबाईंनी एकच वाढली, पण तूप कमी केलं नाही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नकाशा पुन्हा डेअरीच्या खिडकीत होता. बेंच गोठ्यात गेला. शिडी तेवढी राहिली, कारण एकदा परत केलेली वस्तू पुन्हा मागायला पीरमहंमद चाचांना लाज वाटली. गुरुजी त्याच खोलीत राहिले, पण भाव येईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, अर्ध्या खोलीत कांदा होता. त्यांचे डोळे कायम ओले असत. गावाची वागणूक वाईट नव्हती. फक्त उंबऱ्यात निरोप घेऊन झाल्यावरही पाहुणा तिथंच उभा राहिला की घरची माणसं जशी वागतात, तशी होती. साळूबाई पुन्हा कढईकडं बघून बोलायला लागल्या.

आणि पुढच्या मे महिन्यात गुरुजींची खरोखरच बदली झाली. अकोले तालुक्यात, डोंगरात. आदेश मोबाईलवर आला. गुरुजींनी तो डेअरीत चार लोकांसमोर मोठ्यानं वाचला आणि थोडा वेळ थांबले. लोक बरं म्हणाले.

ज्योती मॅडमनी आपणहून तात्यांकडं विषय काढला. छोटासा का होईना, कार्यक्रम करू या म्हणाल्या. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, त्यांचं मागच्या सालीच झालंय की," ते म्हणाले. "शाल, नारळ, बॅग, समदं. एका मानसाचा निरोप किती येळा करायचा?"

गुरुजींना हे कळलं, आणि विचार केल्यावर पटलंही. सामान त्यांनी आधीच पाठवून दिलं होतं. एका सकाळी ते चाकांची बॅग ओढत पाटाच्या रस्त्यानं एकटेच निघाले. रस्ता कच्चा होता, म्हणून बहुतेक वाट बॅग उचलूनच घ्यावी लागली. कोल्हारच्या स्टँडवर पोचले तेव्हा घामाघूम झाले होते. बस यायला अवकाश होता. टपरीवर चहा घेतला, तर टपरीवाला त्यांच्याकडं निरखून बघत म्हणाला, "गुरुजी, तुमी इकडं कसे? तुमची मागच्या सालीच बदली झाली ना? लई मोठा कार्यक्रम झाला म्हनं."

गुरुजींनी बॅगकडं बघितलं.

"झाली होती," ते म्हणाले. "थोडं सामान राहिलं होतं. ते न्यायला आलो होतो."