‘हजबंड’ची कुळकथा

मुलगी बघायला आलेला आदेश चाकणच्या कंपनीतला माणूस म्हणून बसला होता. खरं तर कंपनी सोडून तो केव्हाच बेल्ह्याला परतला होता, कांदा-टोमॅटो पिकवत होता आणि मजेत होता. पण शेतकरी म्हटलं की मुलीकडचे पुढचं ऐकूनच घेत नाहीत. म्हणून मध्यस्थ सावळेरामने त्याला कंपनीचा जुना शर्ट चढवला होता. "तोंड उघडायचं न्हाई. मी बोलतो," अशी वर ताकीद.

"कंपनीत काय बनवता?" मुलीच्या वडिलांनी, ओतूरच्या सोपानरावांनी विचारलं.

"पार्ट," सावळेराम म्हणाला.

"कशाचं?"

"मोठ्या मशिनीचं."

समोर चहा-पोहे ठेवणारी तेजस्विनी आदेशला बघताक्षणी आवडली होती, आणि आवडलेल्या माणसासमोर खोटं पचत नाही.

विषय बदलायला त्याची आई ठकूबाई म्हणाली, "पोरी, तू काय शिकतीस गं?"

"इंग्रजी शब्दांची मुळं शोधते. सध्या 'हजबंड'चं चाललंय."

सोपानरावांनी डोळे मिटले. मुलगी एवढी शिकतेय हे बोलायचं नाही, असं सावळेरामने त्यांनाही बजावलं होतं.

"त्यात काय शोधायचं? नवरा म्हंजी नवरा," ठकूबाई म्हणाली.

"जोडशब्द आहे तो, मावशी. हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडात नेलेला. पहिला तुकडा म्हणजे घर. दुसरा म्हणजे स्वतःची जमीन कसून राहणारा."

आदेश उठून उभाच राहिला. "मग त्यो मीच हाय. कंपनी कवाच सोडली. कांदा करतो."

सावळेरामने कपाळाला हात लावला.

"म्हंजी फसवलं तुमी आमाला," सोपानराव म्हणाले.

"व्हय. चुकलं आमचं," आदेश म्हणाला.

"आप्पा," तेजस्विनी हळूच म्हणाली, "आईनं तरी कोणाला व्हय म्हणलं व्हतं?"

सोपानरावांनी आयुष्यभर बटाटेच पिकवले होते. मुलीचं मन कुठे गेलंय ते त्यांना कळलं, आणि बरंही वाटलं.

ठकूबाईने सावरून घेतलं. "आन बायकूचं काय मूळ? सैपाक, धुणीभांडी आसंल की त्यात."

"नाय. 'वाईफ' म्हणजे आधी नुसतं बाई. घर आलंय ते हजबंडातच."

असलं शिक्षण आपल्या घरात यावं की न यावं, या विचारात ठकूबाई पडली. तेवढ्यात आदेशने पोह्यांच्या ताटल्या गोळा केल्या. "मोरी कुठंय?" त्याने विचारलं, आणि तेजस्विनी त्याला वाट दाखवायला पुढे झाली.

आतून ताटल्यांचा आवाज येऊ लागला. तसे सोपानराव ठकूबाईकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, च्या जरा बिगीबिगी प्या. जावई मोरीवर हायेत तवर कपबश्याबी व्हऊन जातील."