सात नंबर ओरडत नाही

"सर्व्हर बंद करून चालू करणं हे अडाण्यांचं काम! मी ज्याचं अडलंय त्याचंच कनेक्शन तोडतो. शेजारच्याला पत्ताही लागत नाही!"

पंडित छाती पुढे काढून असं म्हणाला, तेव्हाच ऑफिसने सावध व्हायला हवं होतं. पंडित हे ऑफिसने त्याला दिलेलं नाव, आणि त्याला ते कौतुक वाटायचं! सहा महिने तो उमेदवारीवर होता. नोकरी कायम केल्याचं पत्र साहेब आज लिहिणार होते, त्यामुळे आज त्याच्या अंगात जरा जास्तच संचारलं होतं.

सकाळपासून सर्व्हर रखडत होता. चौदा कनेक्शनांपैकी कुठलंतरी एक त्याला धरून बसलं होतं. यादीत मात्र नुसते नंबर! कुठला नंबर कोणाचा, हे लिहून ठेवायचं काम पंडितने सहा महिने उद्यावर ढकललं होतं. पण त्याच्याकडे शास्त्रशुद्ध पद्धत होती. तोडायचं आणि कोण ओरडतं ते ऐकायचं!

एक नंबर तोडला. "अगं बाई, माझं अख्खं पान गेलं!" टायपिस्टबाई किंचाळल्या. पंडितने शांतपणे टिपलं: एक, टायपिस्टबाई. तीन नंबरला नकाशेवाल्या काकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेही टिपलं.

सात नंबर तोडला. सगळीकडे चिडीचूप!

"सापडला चोर!" पंडितने टेबलावर थाप मारली. "याला धनीच नाही!"

पाच मिनिटांत सात नंबर पुन्हा हजर. पंडितने तोडला. तो परत आला!

"अरे, असेल कोणाचंतरी," बाई म्हणाल्या.

"असतं तर ओरडलं नसतं का? तुम्ही तुमचं टायपिंग बघा!"

चौथ्यांदा तोडल्यावर साहेबांच्या केबिनचं दार उघडलं. बाहेरचा गोंगाट नको म्हणून साहेबांनी ते मुद्दाम जाडजूड बसवून घेतलं होतं. आत कोणी गळा काढला तरी बाहेर ऐकू येत नसे, हे पंडितला आत्ता आठवलं.

"पंडित! मघापासून घसा फोडून हाका मारतोय तुला!" साहेब घामाघूम झाले होते. "तुझंच पत्र लिहीत होतो. हुशार, मेहनती, सगळं घातलं होतं. चार वेळा गेलं! पाचव्यांदा हाताने लिहिलं. थोडक्यात."

पंडितने कागद उलगडला. एकच ओळ होती: उमेदवारी सहा महिने वाढवण्यात येत आहे.

बाईंनी मान लांब करून ती वाचली. "ओरड की आता!"

पंडितने गुपचूप यादी पुढे ओढली आणि सातसमोर लिहिलं: साहेब.