ओकामी-सानची दुलई

लोणच्याची बाटली बॅगेत नाही, असं विभानं बोटीत चढण्यापूर्वी नवऱ्याला शपथेवर सांगितलं होतं आणि ते अगदी खरं होतं. बाटली पर्समध्ये होती.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," जयप्रकाश म्हणाला होता. "हामादा-सानांनी आजवर माझ्यावर आकडेमोडीपलीकडे काही सोपवलेलं नाही. आपल्यामुळे त्यांची मान खाली जायला नको."

ही कोबेच्या भूकंपाच्या आधीची, त्र्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. जयप्रकाश कोबेतल्या एका व्यापारी कंपनीत नोकरीला होता आणि हामादा-सान त्याचे साहेब. साहेबांच्या थोरल्या बहिणीचं सासर एका बेटावर होतं. सोया सॉसच्या पैशावर कुण्या पूर्वजानं बांधलेली हवेली, पुढे ऑलिव्हची झाडं आणि खाली निळाशार, शांत समुद्र. तिकडची माणसं कौतुकानं त्या भागाला जपानचा भूमध्य समुद्र म्हणत. ओसाकाच्या कारागिरांनी दोन वर्षं खपून त्या हवेलीचं उंची हॉटेल केलं होतं. पुढच्या आठवड्यात उद्घाटन होतं. त्याआधी परदेशी पाहुण्यांचं कुठे अडतंय का ते पाहावं, म्हणून साहेबांनी या दोघांना पाठवलं होतं. कंपनीत परदेशी असा जयप्रकाश एकटाच होता, ही या मानामागची खरी गोम.

साहेबांच्या बहिणीला सगळे ओकामी-सान म्हणत, म्हणजे मालकीणबाई. साठी उलटलेल्या, काटक, आणि इतक्या वाकून नमस्कार करणाऱ्या, की त्यांच्यापुढे ताठ उभं राहायची विभाला लाज वाटे. पाहुणे शाकाहारी, म्हणून त्यांनी मुद्दाम देवळातल्या भिक्षूंचा स्वयंपाक केला होता. इवल्याइवल्या वाट्यांत टोफू, कमळकाकडी, कसलेसे कोंब. देखणं इतकं, की मोडायला जीव होईना. आणि अळणी इतकं, की मोडल्यावरही काही फरक पडेना.

"घरच्या जेवणाची आठवण येत असेल ना?" त्यांनी विचारलं.

"छे, मुळीच नाही!" जयप्रकाशनं ठोकून दिलं. "आम्ही आता पक्के जपानी झालो."

विभानं पर्स मांडीखाली सरकवली.

त्यांची खोली हवेलीच्या विलायती भागात होती. मोठा पलंग, आणि पलंगावर पांढऱ्याशुभ्र सुती खोळीतली दुलई. कोपऱ्यात पांढऱ्याच दोऱ्यानं भरलेला सारस. ओकामी-साननी त्यावरून हात फिरवला. "ही खोळ माझ्या लग्नातली. सासूबाईंनी स्वतः विणलेली. या घरात बदललं नाही असं एवढंच उरलंय."

रात्रभर विभा त्या दुलईखाली श्वाससुद्धा बेतानं घेत झोपली.

सकाळी न्याहारीचं ताट खोलीत आलं तेव्हा जयप्रकाश अंघोळीला गेला होता. गरम भाताची वाफ नाकात शिरली आणि विभाचा सगळा निश्चय विरघळला. ती पलंगाच्या कडेला टेकली आणि तिनं बाटली काढली. सांगलीहून आईनं पाठवताना झाकण असं आवळलं होतं, जणू विमानातले लोक वाटेत लोणचं पळवणारच होते. विभानं जोर लावला, दात-ओठ खाल्ले, आणि झाकण एकदम सुटलं. कैरीची एक फोड खारासकट दुलईवर जाऊन बसली. फोड उचलता आली, पण खार काही उचलता येईना.

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण संकटात शहाणपण कुठलं सुचायला? तिनं खोळ काढली, बेसिनशी नेली आणि साबण लावला. पुरीएवढा पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. घाबरून तिनं आणखी साबण लावला. डाग भाकरीएवढा झाला. हात, टॉवेल, बेसिन, सगळं लाल.

जयप्रकाश दारातच थबकला. "अगं, खून केलास की काय कुणाचा?"

"लोणचं सांडलं."

"लोणचं? बॅगेत नव्हतं ना?"

"बॅगेत नव्हतंच मुळी. पर्समध्ये होतं."

"मग हे लाल कशानं?"

"साबणानं."

"शाबास! साहेबांच्या बहिणीच्या लग्नातल्या खोळीवर हळदीचं कुंकू केलंस! आता मी सोमवारी कुठल्या तोंडानं ऑफिसात जाऊ?"

तेवढ्यात चहा घेऊन ओकामी-सान आत आल्या. त्यांनी खोळ पाहिली, टॉवेल पाहिला, विभाचे हात पाहिले.

"रक्त?" त्या पुटपुटल्या.

"हिच्या नाकातून," जयप्रकाश म्हणाला.

"यांच्या नाकातून," विभा त्याच क्षणी म्हणाली.

"दोघांच्या," जयप्रकाशनं तडजोड केली.

पक्क्या जपान्याला लोणचं लपवून आणलं हे कबूल करणं आता शक्य नव्हतं. ओकामी-सान चहा तिथेच ठेवून धावत सुटल्या, आणि थोड्याच वेळात बेटावरचे एकुलते एक डॉक्टर सायकलवरून हजर झाले. त्यांनी बॅटरी लावून दोघांची नाकं तपासली. काहीच सापडलं नाही, पण पाहुण्यांना खोटं ठरवणं त्यांच्या रीतीत बसेना. त्यांनी चारही नाकपुड्यांत कापूस कोंबला आणि दोघांना उताणं झोपवलं.

पायथ्याशी ओकामी-सान गुडघे टेकून बसल्या होत्या. "चूक माझीच. नव्या रंगाचा वास बाधला असेल. ज्या घरात पाहुण्यांचं रक्त येतं, ते उघडायचं कशाला? मी भावाला फोन करून सांगते, उद्घाटन राहू दे." आणि त्या उठल्यासुद्धा.

"गप्प राहा हं," जयप्रकाश कापसातून गुणगुणला.

पण विभाला राहवलं नाही. दोन वर्षं खपून उभं केलेलं घर आपल्या एका फोडीपायी ही बाई बंद करायला निघाली होती. तिनं नाकातला कापूस उपटला. तिचं जपानी भाजीबाजारापुरतंच, त्यामुळे आडवळणं घ्यायची सोयच नव्हती. बाटली पुढे ठेवून ती म्हणाली, "रक्त नाही. हे आहे. माझी आई करते. मी खोटं बोलले."

डॉक्टरांनी बाटली हुंगली आणि असे काही शिंकले, की कापसाची गरज त्यांनाच लागली. ओकामी-सान मात्र हसल्या नाहीत. "असं होय," एवढंच म्हणाल्या आणि खोळीकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. त्या रागावल्या, हे विभानं ओळखलं. निदान तिला तसं वाटलं.

"आई म्हणते, हळदीचा डाग धुवायचा नसतो, उन्हाला द्यायचा असतो," ती घाईघाईनं म्हणाली. "मी घालवते. अगदी पूर्ण घालवते."

तिनं खोळ पाण्यात खळबळली, तशी लाली ओसरून डाग पुन्हा पिवळा झाला. मग ऑलिव्हच्या दोन झाडांमध्ये दोरी बांधून तिनं ती वाळत घातली. बेट बघणं राहिलं बाजूला. सावली सरकली की जयप्रकाश दोरी सरकवत होता. विभाला सांगलीची गच्ची आठवली. तिथे अशीच एक चादर वाळत असायची. वर्षानुवर्षं उन्हं खाऊनही तिच्यावर तेलाचे दोन डाग शिल्लक होते. आई ते पाहुण्यांना दाखवायची. हा आमच्या माधवच्या मुंजीतला, हा विभाच्या केळवणातला. समुद्रावरून वारा येत होता आणि विभाला आईची इतकी आठवण आली, की डोळे भरून आले.

"आता काय झालं?" जयप्रकाशनं विचारलं.

"ऊन आहे ना," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत खोळ कोरी करकरीत झाली. दोघांनी ती घडी करून दोन्ही हातांनी ओकामी-सानपुढे धरली. जयप्रकाश तर कमरेत दुमडला होता. त्यांनी खोळ उलगडली आणि बोटांनी चाचपली.

"गेला?"

"पूर्ण गेला!" विभा अभिमानानं म्हणाली.

ओकामी-सान पायरीवर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"इथे जिन्याशी माझ्या मुलानं सॉसचा बुधला फोडला होता," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे यजमानांची शाई सांडायची. ओसाकाच्या लोकांनी सगळं घासून काढलं. घर इतकं स्वच्छ केलं, की मलाच ते ओळखेना. सकाळी तुमचा डाग रक्ताचा नाही कळलं, तेव्हा म्हटलं, चला, या घरात पुन्हा कुणीतरी जेवलं."

"मग आम्हाला थांबवलं का नाहीत?"

"तुम्ही दोघं एवढ्या मनापासून झटत होता. पाहुण्यांना नको कसं म्हणायचं?"

जयप्रकाश सरळ उभा राहिला, आत गेला आणि स्वतःच्या हातानं लोणच्याची बाटली घेऊन आला. झाकणही त्यानंच उघडलं, या वेळी जपून.

"कुठे?" विभानं विचारलं.

ओकामी-साननी खोळ मांडीवर पसरली आणि सारसाच्या पंखाखाली बोट ठेवलं. "इथे. आणि साबण नको."

"थोडंच घाल हं," जयप्रकाश कुजबुजला. "सोमवारी हामादा-सान विचारतील, तर काय सांगू?"

ते ओकामी-साननी ऐकलं. "त्याला सांगा," त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या नाकातून रक्त आलं."