पोर्चवरचा काळा पट्टा

रामटेके मॅडम आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या, तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची उलटी केली. चष्मा कपाळावर चढवून चारही पायांचे सांधे पाहिले, एका पायावर नखाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाल्या, "हे थकलंय बाप्पा. यावर नका बसू कोणी." मग सतरंजीवर मांडी घालून त्यांनी निवांत चहा घेतला. ती खुर्ची माझ्या माहेरची. त्या दिवसापासून आमच्या घरी तिच्यावर कोणी बसत नाही आणि टाकूनही देववत नाही. येता-जाता आम्ही तिला वळसा घालतो.

मॅडम मूळच्या नागपूरच्या. पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. आयुष्यभर त्यांनी वस्तू तोडल्या. म्हणजे यंत्रात सळई धरायची, दोन्हीकडून ताणायची आणि ती कुठून, कशी तुटते ते पाहायचं. त्यावर त्यांनी किती पोरांना डॉक्टरेट मिळवून दिली, कोण जाणे.

"लोकांना वाटते, जड ओझं पडलं की वस्तू तुटते," त्या सांगायच्या. "तसं नसते. हलकंच ओझं, पण पुन्हा पुन्हा. आत बारीक भेग पडते. बाहेरून सगळं छान. आणि मग एक दिवस..."

हे वाक्य त्या कधीच पूर्ण करत नसत. त्यामुळे ते रात्री अंथरुणात मलाच पूर्ण करावं लागे.

हळूहळू आमचं घर भित्रं झालं. माझा नवरा बाल्कनीच्या कठड्याला टेकेनासा झाला. मी लिफ्टमध्ये श्वास रोखून उभी राहू लागले. श्वास रोखल्याने वजन कमी होत नाही हे मला कळतं, पण लिफ्टला कळतं की नाही, ते सांगता येत नाही. फक्त माझ्या सासूबाई निर्धास्त होत्या. "माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त काय थकलं असणार?" असं म्हणून त्या रोज संध्याकाळी खाली जात आणि इमारतीच्या पोर्चखालच्या बाकावर बसत.

आणि मॅडमचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हाच पोर्च. प्रवेशदारावर पुढे आलेला स्लॅब, खाली खांब नाही. त्याच्या मुळाशी एक भेग होती. आम्हाला ती रंगाची सुरकुती वाटे. मॅडम मात्र त्या पोर्चखालून कधीच जात नसत. मागच्या बाजूने, कचऱ्याच्या डब्यांना खेटून, साडी सावरत आत येत. पावसातसुद्धा.

त्यांनी सोसायटीला अर्ज केले. आमचे चेअरमन आपटे म्हणाले, "मॅडम, इमारत आपल्याहून तरुण आहे. आपण उभ्या आहात, तीही राहील."

मग एका सकाळी मॅडम शिडी घेऊन पोर्चच्या कडेला आल्या. तोंडाला मास्क, हातात मोजे, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेतून एक डबी आली होती. आत काळीकुट्ट राळ. शिडी कडेलाच टेकवून, अंग पोर्चबाहेर ठेवून, हात लांबवून त्यांनी भेगेवर त्या राळेचा आडवा पट्टा ओढला, दोन्ही टोकांना तारा जोडल्या आणि तारा लांब, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आणल्या.

"यात कार्बनच्या नळ्या आहेत," त्यांनी मला सांगितलं. "केसाहून हजारो पट बारीक. नॅनोट्यूब म्हणतात. राळेत मिसळल्या की एकमेकींना चिकटून बसतात, मग यातून वीज जाते. भेग रुंदावली की त्यांची साखळी सुटते. वीज अडायला लागते. मीटरवर आकडा चढते."

"आणि मास्क कशाला?"

"कोरडी भुकटी श्वासात गेली तर फुप्फुसात रुतून बसू शकते. राळेत भिजली की तशी भीती नाही. पण मी भितेच."

मी घरी येऊन सगळ्या खिडक्या लावल्या.

आपटे खाली आले, वर पाहिलं आणि म्हणाले, "काळं लावलंत हे छान केलंत. आता दृष्ट लागायची नाही."

पण गंमत म्हणजे त्या पट्ट्याचा सगळ्यांनाच नाद लागला. मॅडम रोज सकाळी भिंतीपाशी उभ्या राहून मीटर लावत आणि जाणारा-येणारा विचारी, "मॅडम, आज किती?" आकडा दुपारी उन्हाने थोडा हले, संध्याकाळी जागेवर येई. मॅडम मान डोलावत.

पावसाळा संपता संपता आकडा जागेवर येईनासा झाला.

रविवारी सोसायटीची सभा होती. आपट्यांनी खुर्च्या मांडल्या त्या पोर्चखालीच, सावली म्हणून. पुढच्या रांगेत माझ्या सासूबाई. पार्किंगच्या दराचा विषय रंगात आला होता. मी भिंतीपाशी मॅडमजवळ उभी होते. त्यांनी मीटर लावला, काढला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मीटरवरचा आकडा चढतच होता.

"उठा सगळे," त्या म्हणाल्या. कोणाला ऐकू गेलं नाही. मग ओरडल्या, "उठा! बाहेर या!"

"मॅडम, हा विषय संपू द्या," आपटे म्हणाले. "तेवढं थांबायला त्या स्लॅबला सांगा."

दोघं-तिघं हसले. काही जण उठले, काही नुसतेच चुळबुळले. सासूबाईंना ऐकू कमी येतं. त्या हसून इकडेतिकडे पाहत बसल्या होत्या. मी निघणार, तेवढ्यात मॅडम माझ्या पुढून गेल्या. कधीही त्या पोर्चखाली पाऊल न टाकणारी ती बाई सरळ आत शिरली, तिने सासूबाईंना काखेत धरून उचललं आणि जवळजवळ ओढत उन्हात आणलं. ते पाहून मात्र सगळे उठले. आपटेही, कपाळाला आठ्या घालून, आपली खुर्ची हातात घेऊन.

आम्ही उन्हात उभे राहिलो. काहीच झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. कोणीतरी घड्याळ पाहिलं. मला मॅडमची इतकी लाज वाटायला लागली की मी तिकडे बघेचना.

"ऊन खाऊन झालं असेल तर," आपटे म्हणाले आणि आपली खुर्ची उचलून पोर्चकडे निघाले.

आवाज मोठा नव्हता. वाळका पापड मोडावा तेवढाच. आपटे थबकले. मग स्लॅबची पुढची कड वाकली आणि सगळाच खाली आला. धूळ बसली तेव्हा आपटे तिथेच उभे होते, खुर्ची छातीशी धरून. आत मांडलेल्या खुर्च्या दिसत नव्हत्या. भिंतीतून बाहेर आलेल्या सळया गंजून काडीसारख्या झाल्या होत्या.

सासूबाईंनी विचारलं, "सभा संपली का?"

संध्याकाळी आपटे मॅडमच्या दारात आले. आभार वगैरे काही नाही. खाली बघत म्हणाले, "मॅडम, सवडीने जिन्याकडेही बघाल का एकदा?"

ते गेल्यावर मी आत गेले. मॅडम स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या होत्या. मी त्यांना बसवलं, चहा केला.

"तुम्ही आत कशा गेलात हो मॅडम? भीती नाही वाटली?"

"वाटली ना. अजून वाटते." चहा पुढे ओढत त्या म्हणाल्या, "माझे मिस्टर इथंच गेले, या टेबलाशी. मी पेपर तपासत होते, ते भाजी निवडत होते. तोंड वर केलं तर गेलेले. शेजारी बसून मला काही कळलं नाही. दुसऱ्याला सांगायला दार उघडायचं, तेही किती वेळ सुचलं नाही."

त्यांनी ड्रॉवरमधून एक किल्ली काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

"एक काम सांगू? सकाळी दूध घेता ना, तेव्हा माझी बेल वाजवत जा. मी दार उघडीन. नाही उघडलं, तर ही आहे. बस एवढंच. पडून राहायची भीती वाटते हो मला, बाकी कशाची एवढी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या पिशव्या उचलल्या आणि त्यांची बेल दाबली. आत शांत. किल्ली माझ्या मुठीत होती आणि मूठ घामाने ओली झाली होती. मी पुन्हा बेल दाबली. मग आतून चपलांचा आवाज आला, सावकाश, फरपटत. दार उघडलं.

"काहून इतकी घाबरलीस?" मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. "दात घासत होते मी."