रावसाहेबांचं बंद बटण

आमच्या खालच्या मजल्यावरचे रावसाहेब रक्त देण्याआधी सुई धरणाऱ्या मुलीला तिचं मूळ गाव आणि मामाचं आडनाव विचारतात. समाधान झालं तरच बाही वर करतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा पाचोडचा जमीनदार हल्ली सिडकोत राहतो आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींचा निकाल खानदानावर लावतो. आंबा नासका निघाला तर कलमाचं खानदान खराब. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. असा शेजारी मिळणं ही मला निवृत्तीनंतर झालेली शिक्षा आहे.

मागच्या वर्षी त्यांना मोबाइलवर एक लेख सापडला. प्रोस्टेटचा कॅन्सर वेगवेगळ्या वंशांच्या पुरुषांत वेगळा वागतो. गाठीतले कोणते जीन्स जोरात काम करतात आणि कोणते थंड पडतात, यातही फरक दिसतो, असं त्यात होतं. लेख बरा असावा. वाचक मात्र रावसाहेब होते.

"जीन म्हंजे बटनं, सर. आफ्रिकेवाल्यांचं लई जोरात चालू. गोऱ्यांचं मध्यम. आपलं बंद! त्यातबी आमच्या घराण्यात तर वायरच जोडलेली नाय."

हे ज्ञान ते क्रांती चौकातल्या टपरीवर वाटत होते आणि वाटता वाटता तिसऱ्यांदा लघवीला जाऊन आले. लग्नकार्यातही ते दाराजवळची खुर्ची धरून बसतात. डॉक्टरांना दाखवा म्हटलं की म्हणायचे, "पान्याचा दोष हाय." मूर्खपणाला वय नसतं म्हणतात, यांच्या मूर्खपणाला तर पेन्शनही होती.

शेवटी लघवीत रक्त दिसलं. वहिनी रडत वर आल्या, म्हणून मी रावसाहेबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. रक्ताचा रिपोर्ट चांगला नाही, असं ते सांगत होते, तेवढ्यात रावसाहेबांनी पिशवीतून जातीच्या दाखल्यासाठी काढलेली वंशावळ टेबलावर ठेवली. तीसुद्धा लॅमिनेट केलेली.

"सात पिढ्या बघा. एकालाबी हा रोग नाय."

कॅन्सर जणू तलाठ्याकडं नोंद करूनच येतो!

"काका, तो फरक हजारो माणसांच्या सरासरीतला आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यात जीन्सचा वाटा किती आणि उशिरा तपासण्याचा किती, यावरही अजून वाद आहे. तुमच्या एकट्याच्या गाठीबद्दल त्यातून काही कळत नाही." त्यांनी वंशावळीतल्या एका नावावर बोट ठेवलं. "हे तुमचे वडील ना? कशानं गेले?"

"वयानं."

"लघवीचा त्रास होता?"

रावसाहेबांनी वंशावळ स्वतःकडं ओढली. "तुंबायची. नळी लावली व्हती. शेवटाला कंबरंचं हाड असं दुखायचं, की हात लावू द्यायचे नाय. मीच कुशीवर वळवायचो."

"आता खात्रीनं सांगता येणार नाही, पण हाच आजार असू शकतो. तुमची बायोप्सी करू. भाऊ असतील तर त्यांनाही तपासायला सांगा."

"भाऊ नाय."

मी वंशावळीत डोकावलो. त्यांच्या नावाशेजारच्या नावावर काळी रेघ ओढलेली होती. धाकटा भाऊ दत्ता. त्यानं मुलीचं लग्न जातीबाहेर लावून दिलं, तेव्हापासून नऊ वर्षं रावसाहेबांच्या लेखी तो नव्हता. मला भयंकर संताप आला. स्वतःचा जीव टांगणीला लागलाय, भावाचाही लागला असेल, आणि अकड मात्र तीच.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. फोन काढून त्यांनी नंबर दाबला. तो त्यांना पाठ होता.

"दत्ता, दादा बोलतोय. भांडायला नाय केला, ऐक. आबा ज्यानं गेले, तेच मला निघंल असं वाटतंय. तुलाबी रक्त तपासावं लागंल. उद्या ये. उपाशी राहायचं नसतं, जेवून ये."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. रावसाहेबांनी चष्मा काढला. त्यांचा राग राग करायची मला इतकी सवय, पण त्या क्षणी काही केल्या राग येईना.

"नगं, यष्टीनं नगं येऊ," ते म्हणाले. "मला ठावं हाय, तुलाबी आता तेवढा वेळ बसवत नसंल. जावयाची गाडी हाय ना? त्याला म्हणावं, मी सांगीन तिथं थांबव."